आठची मिस्सा साडेदहाला का गेली: एका फादरांकडं तीन पॅरिश आल्या की काम कसं वाटलं जातं

जूनमधे आमच्या चर्चची रविवार सकाळची मिस्सा, म्हणजे फादरांनी चालवायची मुख्य उपासना, आठवरून साडेदहावर गेली आणि तेवढ्या एका बदलावरून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस असा धुरळा उडाला की विचारू नका. साडेदहाला मिस्सा म्हणजे घरी यायला बारा, मग स्वयंपाक कधी करायचा इथपासून सुरुवात झाली, मग कुणीतरी बिशपांना सह्यांचं निवेदन द्यायचं काढलं, आणि रात्री अकरा वाजता एका काकांनी लिहिलं की हे सगळं ठरवून चाललंय, आपली पॅरिश, म्हणजे चर्चच्या कारभारातला आपला भाग, मोडून शेजारच्या पॅरिशला जोडणार आणि चर्चला कुलूप लावणार. खरं कारण एवढंच होतं की आमच्या फादरांकडं अजून दोन ठिकाणं आली होती आणि माणूस एका वेळी एकाच गावात असू शकतो.

मी सांगलीची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि पाच वर्षं पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे लोकांच्या सल्लागार समितीवर, आहे. आमचे आजोबा मूळचे हरेगावकडचे, साखर कारखान्याच्या कामानं इकडं आले आणि इथलेच झाले. घरात मराठीच, प्रार्थना मराठीत, भांडणं पण मराठीत. तरी कॅथलिक चर्चचा कारभार कसा चालतो हे आमच्या घरात कुणालाच धड माहीत नव्हतं, मला पण कौन्सिलवर गेल्यावर कळायला लागलं. काकांना जे तुकड्यातुकड्यानं समजावलं ते इथं सलग लिहितेय, आणि शाळेतल्या मैत्रिणी पण नेहमी विचारतात म्हणून जरा मुळापासून लिहिते.

आधी एक घोळ मिटवू. सांगली-मिरजेत ख्रिस्ती म्हटलं की लोकांना वानलेस हॉस्पिटल आठवतं, पण ते डॉ. विल्यम वानलेस यांनी उभं केलेलं, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं, म्हणजे प्रोटेस्टंट परंपरेचं. त्यांच्यात पाळक असतात, मंडळी असते, त्यांचा कारभार वेगळ्या पद्धतीनं चालतो. आम्ही कॅथलिक, आमच्यात फादर, त्यांच्यावर बिशप, आणि सगळ्यांचा धागा रोमला पोपपर्यंत. बिशपांच्या हाताखालचा जो मोठा प्रदेश तो धर्मप्रांत. सातारा आणि सांगली दोन्ही पुणे धर्मप्रांतात येतात, हा धर्मप्रांत १८८६ साली झाला. धर्मप्रांताचे लहान भाग म्हणजे धर्मग्राम, बोलताना आम्ही सरळ पॅरिशच म्हणतो.

आता पॅरिश म्हणजे काय, तर बहुतेकांच्या डोक्यात चर्चची इमारत येते. चर्चचा कायदा, म्हणजे १९८३ चा कॅनन लॉ, त्याच्या कलम ५१५ मधे बघितलं तर व्याख्येत आधी माणसं येतात. एका भागातल्या श्रद्धावंतांचा कायमस्वरूपी समुदाय, त्याची काळजी एका फादरांवर सोपवलेली, आणि ते फादर बिशपांच्या अधिकाराखाली. बस्स. घंटा, क्रूस, कंपाऊंड, पार्किंग यातलं काही व्याख्येत नाही. मी हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, मग माझ्या बापानं बांधकामाला वर्गणी दिली ती कशाला? त्यांचं दुखणं मला कळतं, इमारतीशी माणसाचा जीव जडलेला असतो, आपला बाप्तिस्मा तिथं झालेला असतो, आईची शवपेटी तिथून निघालेली असते. पण पॅरिश वाटून चालवणं समजून घ्यायचं तर आधी माणसं आणि मग इमारत हा क्रम पक्का धरावा लागतो, नाहीतर पुढचं सगळं अन्याय वाटत राहतं.

पॅरिशला साधारणपणे हद्द असते. तुम्ही ज्या हद्दीत राहता तिथले तुम्ही, रेशन दुकानासारखं. भाषेवरून किंवा एखाद्या समाजगटावरून पण पॅरिश करता येते, पण नेहमीचा नियम हद्दीचाच. प्रत्येक पॅरिशला एक प्रमुख फादर, त्यांची नेमणूक बिशप करतात, मदतीला साहाय्यक फादर असले तर असले. मोठ्या शहरात एका पॅरिशला दोन-तीन फादर असतात आणि आमच्यासारख्या भागात उलटं होतं, दोन-तीन पॅरिशना मिळून एक.

हे फक्त आपल्याकडं आहे असं नाही. २०२३ च्या आकड्यांनुसार जगात कॅथलिक सुमारे १४० कोटी आणि फादर सुमारे ४ लाख ७ हजार, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास माणसांमागं एक. ही झाली सरासरी, आमच्याकडं अडचण माणसांच्या संख्येची नाहीच, अंतराची आहे. कॅथलिक घरं मूठभर, पण ती कुठं कुठं पसरलेली. सांगलीहून जतला जायचं तर ८०-९० किलोमीटर, दोन घरं तिथं, चार घरं अलीकडं, कुणी कारखान्यावर, कुणी नर्स, कुणी बँकेत बदलून आलेलं. तिकडं साताऱ्याची वेगळी तऱ्हा, पाचगणीला बोर्डिंग शाळा आहेत, महाबळेश्वरला उन्हाळ्यात माणूस मावत नाही आणि पावसाळ्यात धुक्यात दोन हातांवरचं दिसत नाही. एकाच जिल्ह्यात एका ठिकाणी ऋतूप्रमाणं गर्दी बदलते आणि दुसरीकडं वर्षभर तीच बारा घरं, तर दोन्हीकडं एकच वेळापत्रक कसं चालणार.

मग यावर चर्चचा कायदा काय म्हणतो? कलम ५२६ म्हणतं की प्रमुख फादरांकडं एकच पॅरिश असावी, पण फादरांची कमतरता असेल किंवा तशीच काही परिस्थिती असेल तर शेजारशेजारच्या एकापेक्षा जास्त पॅरिश एकाच फादरांकडं देता येतात. आमच्याकडं झालं ते हेच. गावाकडच्या माणसाला हे एका वाक्यात कळतं: तलाठ्याकडं शेजारच्या सज्जाचा अतिरिक्त कार्यभार. तलाठी एकच, पण म्हणून दोन्ही गावांचं दप्तर एक होत नाही. या गावाचा सातबारा या गावातच राहतो.

पॅरिशचं पण अगदी असंच आहे, आणि इथं लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा थांबून सांगते. प्रत्येक पॅरिश कायद्याच्या दृष्टीनं स्वतंत्र असते. तीन पॅरिशचे फादर एक असले तरी बाप्तिस्म्याची रजिस्टरं तीन, लग्नाची तीन, मृत्यूची तीन. वर्गणीची पेटी इकडची तिकडं ओतायची नाही, हिशेब वेगवेगळे, आणि पैशावर लक्ष ठेवणारी अर्थसमिती प्रत्येक पॅरिशला असायलाच पाहिजे. बाप्तिस्म्याचं रजिस्टर तर मला अगदी सातबाऱ्यासारखं वाटतं. माणूस पुढं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करायचा संस्कार, घेतो, लग्न करतो किंवा व्रतस्थ होतो, ते जगात कुठंही झालं तरी नोंद परत त्याच्या बाप्तिस्म्याच्या पॅरिशमधे पाठवायची आणि त्याच्या नावासमोर लिहायची, जसा फेरफार ओढतात तसा. म्हणून लग्न ठरलं की बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागतात, जुना झेरॉक्स चालत नाही, कारण ताज्या दाखल्यावर आधी लग्न झालंय का ते दिसतं. कौन्सिलच्या एका बैठकीनंतर मी आमचं जुनं रजिस्टर हातात घेऊन बघितलं, पानं पिवळी, शाई कुठं निळी कुठं जांभळी, एका ओळीत माझ्या वडिलांचं नाव आणि समोर बारीक अक्षरात त्यांच्या लग्नाची नोंद, वेगळ्या हाताची, वेगळ्या फादरांची. दोघा फादरांनी एकमेकांना कधी बघितलं पण नसेल.

आता मिस्सेची गणितं. फादरांनी दिवसाला एकच मिस्सा करावी हा मूळ नियम, अडचण असेल तर बिशपांच्या परवानगीनं एरवी दोन, आणि रविवारी किंवा मोठ्या सणाला जास्तीत जास्त तीन. यामागं कारण आहे, मिस्सा उरकायची गोष्ट होऊ नये म्हणून. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरतात, त्यामुळं थोडी जागा मिळते. म्हणजे आमच्या फादरांच्या हातात रविवारी तीन आणि शनिवार संध्याकाळ, एवढाच माल. तीन ठिकाणं, मधे ४० किलोमीटरचा रस्ता, ऊसतोडीच्या दिवसात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं अडकलं तर तासाचे दीड तास. आमच्या इकडं शेतीच्या पाण्याची पाळी ठरते तशीच मिस्सेची पाळी ठरवावी लागते, आणि पाण्यावरून भाऊ भाऊ भांडतात मग आम्ही मिस्सेवरून भांडलो यात मला तरी नवल वाटलं नाही. त्यातल्या त्यात एक गोष्ट मला फार आवडते: प्रमुख फादरांनी दर रविवारी आपल्या लोकांसाठी म्हणून एक मिस्सा अर्पण करायची असते, आणि ज्यांच्याकडं जास्त पॅरिश आहेत त्यांनी सगळ्या पॅरिशच्या लोकांसाठी मिळून एक करायची. म्हणजे मिस्सा कुठल्याही गावात चालू असू दे, तिन्ही गावांची माणसं तिच्यात धरलेली असतात.

यापेक्षा वेगळी एक पद्धत कायद्यात आहे, कलम ५१७ चा पहिला भाग. त्यात एक किंवा जास्त पॅरिश एकदम दोन-तीन फादरांच्या गटाकडं देतात, जबाबदारी सामाईक, फक्त त्यातले एक जण मॉडरेटर म्हणजे समन्वय करणारे आणि बिशपांना उत्तर देणारे. सातबाऱ्यावर सामाईक खातेदार असतात ना, तसं, फरक एवढाच की इथं हिस्से पाडता येत नाहीत, प्रत्येकावर पूर्ण जबाबदारी. कागदावर छान आहे, पण त्यासाठी एकत्र राहून एकमेकांचं ऐकणारे दोन-तीन फादर लागतात आणि आमच्याकडं मुळात तेच नाहीत.

त्याच कलमाचा दुसरा भाग मात्र सगळ्यांनी समजून घ्यावा असा आहे. फादरांची कमतरता असेल तर बिशप पॅरिशच्या कामात एखाद्या डीकनला (फादरांच्या खालची दीक्षा घेतलेल्या सेवकाला), सिस्टरना किंवा तुमच्या-माझ्यासारख्या प्रापंचिक माणसाला, किंवा माणसांच्या गटाला, वाटा देऊ शकतात. मात्र वरून देखरेख करणारे एक फादर नेमावेच लागतात आणि प्रमुख फादरांचे अधिकार त्यांच्याकडं असतात. म्हणजे शाळा रोजची शिक्षिकेनं चालवायची पण मुख्याध्यापकपदाचा चार्ज दुसऱ्या गावच्या मुख्याध्यापकांकडं. रोमनं २०२० च्या जुलैमधे एक सविस्तर सूचनापत्र काढलं, त्यात अशा प्रापंचिक माणसाला सहप्रमुख, मॉडरेटर, पॅरिश मॅनेजर असली नावं द्यायची नाहीत असं स्पष्ट लिहिलंय. जर्मनीतल्या बऱ्याच बिशपांना ते पत्र पटलं नाही, त्यांनी उघड नाराजी सांगितली. मला विचाराल तर पदनामाचं मला फार वाटत नाही, पण वर्षानुवर्षं राबणाऱ्या बाईला काय म्हणून ओळखायचं हे पण ठरू नये हे बरं नाही.

या दुसऱ्या भागाची ताकद मला पुस्तकात नाही, पुरात कळली. ऑगस्ट २०१९, आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या घरात गेलेली, धोक्याची पातळी ४५ फूट. आम्ही विश्रामबागेत नणंदेच्या घरी, तिथं आमच्यातली अजून तीन कुटुंबं आलेली, कुणाच्या अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नाही. रविवार आला, ११ तारीख, रस्ते बंद, फादर पलीकडं अडकलेले. सकाळी एका रिटायर्ड रेल्वेवाल्या काकांनी टीव्हीच्या टेबलावर चादर टाकली, स्टीलच्या वाटीत मेणबत्ती लावली, आणि आम्ही अकरा जण खाली सतरंजीवर बसलो. माझ्या मोबाईलवर वाचनं उघडली, चार्जिंग १४ टक्के, लाईट नाही. त्या रविवारचा लूकच्या शुभवर्तमानातला उतारा लहान कळपाला भिऊ नको म्हणून सांगणारा होता, ठरवून निवडला नव्हता, जगभर त्या दिवशी तोच होता. वाचताना माझा आवाज गेला, मग नणंदेच्या सोळा वर्षांच्या मुलानं पुढचं वाचलं. काकांनी प्रार्थना म्हटली, प्रत्येकानं एकेक मागणं सांगितलं, एका ताईंनी शेजारच्या गल्लीतल्या म्हशीसाठी पण मागितलं. कम्युनियन, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली भाकर घेणं, नव्हतं. याला मिस्सा म्हणत नाहीत, शब्दविधी म्हणतात, आणि फादर मिळत नसतील तर लोकांनी असं एकत्र यावं असं कायदाच सुचवतो, कलम १२४८.

पण त्याच घरात हद्द पण दिसली. एका काकूंच्या सासूबाई आजारी, ८० च्या पुढं, त्यांना तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा संस्कार, हवा होता, आणि तो फक्त फादर देऊ शकतात. पापनिवेदन ऐकणं पण फक्त फादर, मिस्सा अर्पण करणं पण फक्त फादर. रेल्वेवाल्या काकांना धार्मिक ज्ञान कितीही असो, सिस्टरनी आयुष्य दिलेलं असो, हे अधिकार फादर होतानाच्या दीक्षेनं येतात. फादरांनी फोनवर आजींशी प्रार्थना केली, फोनवर संस्कार होत नाही हे पण सांगितलं, आणि पाणी उतरायला लागल्यावर गुडघाभर चिखलातून ट्रॅक्टरवर बसून आले. आजी तेव्हा होत्या. काम वाटणं म्हणजे काय आणि काय वाटता येत नाही, या दोन्ही गोष्टी मी एका आठवड्यात बघितल्या.

बाकी वाटता येतं ते खूप आहे. आजाऱ्यांना घरी कम्युनियन नेणं, त्यासाठी प्रापंचिकांना नेमता येतं. मुलांना धर्मशिक्षण, लग्नाआधीची तयारी, मयताच्या घरी प्रार्थना, वाचनं, गायन, हिशेब, गरिबांच्या घरी डबा. दफनविधीची प्रार्थना पण गरज पडली तर नेमलेला प्रापंचिक माणूस चालवू शकतो. बाप्तिस्मा एरवी फादर किंवा डीकन देतात, पण जिवावर बेतलं असेल तर कुणीही देऊ शकतं, योग्य हेतूनं, पाणी ओतून, नेमके शब्द उच्चारून, अगदी हॉस्पिटलमधली नर्ससुद्धा. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मधे वाचक आणि वेदीसेवक या अधिकृत सेवा स्त्रियांना खुल्या केल्या आणि त्याच वर्षी धर्मशिक्षकाची सेवा रीतसर केली. आमच्या इकडच्या बायका हे सगळं आधीपासून करतच होत्या, कागद नंतर आला.

आता शेजारच्या पॅरिशनी एकमेकांना धरून चालायची रचना, तिला डीनरी म्हणतात. कायद्यात तिची सोय आहे, शेजारच्या पॅरिश एकत्र गुंफायच्या आणि त्यातल्या एका फादरांना डीन नेमायचं. आमच्या शाळांच्या भाषेत केंद्र आणि केंद्रप्रमुख. केंद्रप्रमुख येऊन शाळा चालवत नाहीत, मुख्याध्यापक आपापल्या जागी असतात, पण एकत्र कार्यक्रम, हजेरीपट तपासणं, कुणाची अडचण वर कळवणं हे त्यांचं काम. डीनचं पण तसंच, पॅरिशची रजिस्टरं नीट लिहिली जातात का बघायचं, उपासना नियमाप्रमाणं होते का बघायचं, आणि एक काम तर मला वाचून गलबलून आलं: डीनरीतले कुणी फादर आजारी पडले तर त्यांच्याकडं बघायचं, आणि वारले तर त्यांचे अंत्यविधी मानानं व्हावेत याची जबाबदारी घ्यायची. एकटा राहणारा माणूस आजारी पडला तर त्याला गरम पेज कोण देणार याचा विचार कायद्यात आहे. फादर एकटे किती असतात हे आम्ही लोक विसरतो.

डीनरी जिवंत असली की पॅरिश न मोडता बरंच होतं. दृढीकरणाची तयारी तीन पॅरिशची एकत्र, तरुणांचं शिबिर एकत्र, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात पापनिवेदनाला सगळे फादर मिळून आज इथं उद्या तिथं. पण लग्नाच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे जी लोकांना माहीत नसते आणि ऐनवेळी घाम फोडते. शेजारचे फादर आमच्या चर्चमधे मिस्सा करू शकतात, पण लग्न लावायचं तर या पॅरिशच्या प्रमुख फादरांनी किंवा बिशपांनी त्यांना अधिकार दिलेला असावा लागतो, नाहीतर कॅथलिक कायद्यानं ते लग्नच धरलं जात नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या लग्नाला कॉलेजपासून ओळखीचे फादर बोलावले होते, हॉल झाला, केटरर झाला, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात आलं की ते पत्रच घेतलेलं नाही. प्रमुख फादर तेव्हा दुसऱ्या ठिकाणी मिस्सेला. नवरीची आई मांडवात बसून रडायला लागली. रात्री साडेनऊला फादर परत आले, ऑफिस उघडलं, दोन ओळींचं पत्र हातानं लिहून सही केली, आणि ते पत्र नवरीच्या मावशीनं रात्रभर ब्लाउजमधे जपून ठेवलं. फादरांकडं तीन पॅरिश आहेत म्हटल्यावर असले कागद महिनाभर आधी करून घ्यायचे, हे मी आता प्रत्येक लग्नघरी सांगते.

यानंतर निर्णय कोण घेतं हा प्रश्न. पॅरिशमधे दोन समित्या असू शकतात. अर्थसमिती सक्तीची, कलम ५३७. दुसरी पॅरिश कौन्सिल, म्हणजे लोकांनी बसून कामाचं नियोजन करायची, ती बिशपांना योग्य वाटली तर, कलम ५३६, आणि तिचं मत फक्त सल्ला. पैशाची समिती पाहिजेच आणि माणसांच्या काळजीची समिती बिशपांच्या मर्जीवर, हे मला पहिल्यापासून खटकतं. याचा अर्थ फादरांनी कौन्सिलचं मतदान मोजून वागावं असं मी म्हणत नाही, ग्रामपंचायत आणि पॅरिश यात फरक आहे, फादर निवडून आलेले नसतात आणि पक्ष पाडून चर्च चालत नाही. पण तीन ठिकाणी धावणाऱ्या माणसाला कुठल्या घरात कोण आजारी आहे हे कळणार कुठून? लोकांकडूनच. रोममधे २०२१ ते २०२४ जी सिनड, म्हणजे बिशपांची सभा, चालली, एकत्र चालणारं चर्च कसं असावं यावर, तिचा शेवटचा दस्तऐवज २६ ऑक्टोबर २०२४ ला मंजूर झाला आणि त्यात पॅरिश कौन्सिलसारख्या समित्या सक्तीच्या कराव्यात असं सुचवलंय. पोप फ्रान्सिस यांनी तो जसाच्या तसा मान्य करून प्रसिद्ध करायला सांगितलं. कायद्याचं कलम बदलेल तेव्हा बदलेल, पण कौन्सिल आधीच नीट चालवायला आम्हाला कुणी अडवलेलं नाही.

युरोपात काय झालं ते बघितलं की हे अजून पटतं. जर्मनीत ट्रियर धर्मप्रांतानं आपल्या ८८७ पॅरिश मोडून फक्त ३५ मोठ्या पॅरिश करायचा बेत केला होता. लोकांनी आणि काही फादरांनी रोमकडं दाद मागितली आणि २०१९ मधे रोमनं ते थांबवलं. २०२० च्या त्या सूचनापत्रात मग सांगितलं की नुसती फादरांची कमतरता किंवा धर्मप्रांताची पैशाची अडचण ही पॅरिश मोडायला पुरेशी कारणं नाहीत, प्रत्येक पॅरिशचं कारण वेगळं तपासायला हवं. अमेरिकेत सिनसिनाटी धर्मप्रांतानं २०२२ मधे दोनशेच्या वर पॅरिश एकत्र बांधून पॅरिशची कुटुंबं केली, एका कुटुंबाला एक प्रमुख फादर. आणि फ्रान्समधे प्वातिए धर्मप्रांतानं बिशप आल्बेर रुए यांच्या काळात, १९९० च्या दशकापासून, उलट्या बाजूनं सुरुवात केली. गावागावात पाच जणांचा गट: लोकांनी निवडलेले दोघं, एक समन्वयाला आणि एक हिशेबाला, आणि श्रद्धेची शिकवण, प्रार्थना आणि गरजूंची मदत यासाठी प्रत्येकी एक. फादर गटांना भेटत फिरायचे, पण गाव स्वतः उभं. मला हे सगळ्यात जवळचं वाटतं कारण आपल्याकडं लहान ख्रिस्ती समूहांची पद्धत आहेच, दहा-पंधरा घरांनी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, उतारा वाचायचा, आणि मग गल्लीत कुणाला काय हवंय ते बोलायचं. मुंबईत हे १९८० च्या दशकापासून चाललंय. आमच्याकडं काही महिने जोरात चालतं, मग परीक्षा, लग्नसराई, गणपती, आणि विसरतात.

काकांच्या कुलपाच्या भीतीचं पण सांगून टाकते. पॅरिश स्थापन करणं, मोडणं, बदलणं हे फक्त बिशप करू शकतात आणि त्याआधी त्यांना फादरांच्या परिषदेचं म्हणणं ऐकावंच लागतं. दोन पॅरिश एक झाल्या तरी चर्चची इमारत आपोआप बंद होत नाही, ती उपासनेतून काढायची तर वेगळा निर्णय आणि गंभीर कारण लागतं. आणि निर्णय पटला नाही तर लोकांना दाद मागता येते: निर्णय कळल्यापासून दहा दिवसांच्या आत आधी बिशपांकडंच फेरविचाराचा लेखी अर्ज, तिथं नाही झालं तर रोमला. मुदत कडक आहे, ग्रुपवर भांडण्यात दहा दिवस सहज जातात. आमच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं, पॅरिश होती तिथंच आहे, रजिस्टर होतं त्याच कपाटात आहे, फक्त फादर रविवारी सकाळी आठला दुसऱ्या गावात असतात कारण तिथल्या म्हाताऱ्या माणसांना नंतरची एसटी मिळत नाही.

हे शेवटचं वाक्य मी कौन्सिलच्या बैठकीत सांगितलं तेव्हा काका गप्प बसले. मग आम्ही वही काढली. साडेदहाला ज्यांना उन्हाचं यायला जमत नाही अशी सात नावं निघाली, त्यातल्या चौघांसाठी शनिवारची संध्याकाळची मिस्सा ठरली, महिन्यातून दोनदा, फादरांची तिसऱ्या ठिकाणची शनिवारची पाळी ज्या आठवड्यात नसते तेव्हा. उरलेल्या तिघांना घरी कम्युनियन न्यायला दोन जणींची नावं बिशपांकडं परवानगीला पाठवली. शनिवारच्या चौघांना आणायला रिक्षा लागते, तिचं भाडं अर्थसमितीनं मंजूर केलं, आणि रिक्षात पुढं बसून प्रत्येकाला हात धरून उतरवायचं काम काकांनी स्वतःकडं घेतलं.